भिंती राखल्या, माणसे हरवली

जुन्या वस्त्यांचे जतन करावे की नाही, हा वाद आता संपल्यात जमा आहे. करावे, असेच सर्व म्हणतात. म्हणणाऱ्यांत सरकार आहे, वास्तुशिल्पी आहेत, प्रवासी कंपन्या आहेत आणि घरे विकणारे दलालही आहेत. इतक्या परस्परविरोधी हितसंबंधांच्या मंडळींचे एखाद्या गोष्टीवर एकमत झाले म्हणजे सुज्ञ माणसाने तिच्याकडे थोडे संशयाने पाहावे, असा आमच्या व्यवसायाचा संस्कार आहे. या मंडळींचा युक्तिवाद असा: वस्तीला वारसा म्हणून मान्यता द्यावी, तिची नोंद सरकारी यादीत करावी, दारे-खिडक्या, रंग व उंची यांचे नियम करावे, म्हणजे वस्ती वाचली. याला प्रमाण म्हणून अमेरिकेचे उदाहरण पुढे केले जाते. तेव्हा अमेरिकेचेच एक उदाहरण घेऊन हा दावा तपासून पाहू. नैर्ऋत्येकडील वाळवंटातील टूसॉन शहर व त्यातील बार्रियो व्हिएहो, म्हणजे ‘जुना मोहल्ला’, हे ते उदाहरण होय.

टूसॉनची लष्करी गढी स्पेनच्या राजाच्या नावाने १७७५ साली वसली. जागा निवडणारा सेनानी ह्यूगो ओकॉनर हा स्पॅनिश चाकरीतला आयरिश माणूस होता. पुढे मुलूख मेक्सिकोचा झाला आणि १८५३-५४ च्या गॅड्सडेन खरेदीने तो संयुक्त संस्थानांकडे गेला. लोक जागेवरच राहिले, सरहद्द मात्र त्यांच्या डोक्यावरून पलीकडे सरकली. बेळगाव-निपाणीच्या वाचकाला हा अनुभव निराळा समजावून सांगावयास नको. गढीच्या दक्षिणेस जी वस्ती वाढली, तीत मेक्सिकन कुटुंबे बहुसंख्य होती. पण तेथे चिनी वाणी होते, निग्रो कामगार होते, ओओधाम व याकी या मूळ जमातींची माणसे होती. १९१५ साली कार्मेन सोतो व्हास्केझ या बाईंनी मेयर रस्त्यावर ‘तेआत्रो कार्मेन’ हे स्पॅनिश नाट्यगृह उघडले. त्याची इमारत आजही उभी आहे. ज्या वस्तीला स्वतःच्या भाषेचे रंगमंदिर उभारता येते, ती गलिच्छ वस्ती म्हणवून घेण्यास पात्र ठरते काय, हे नाटकवेड्या गोमंतकीयांनीच सांगावे.

या वस्तीतील घर पाहिले तर आपल्याकडील माणसास ते फारसे परके वाटणार नाही. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या दीड-दोन फूट जाड भिंती. घरापुढे अंगण नाही, भिंत थेट रस्त्याला भिडलेली. मधोमध ‘सागुआन’ नावाचा आच्छादलेला बोळ, तो रस्त्यावरून सरळ मागल्या चौकात उतरतो. छतास लाकडी वासे, त्यांवर निवडुंगाच्या वाळल्या कामट्या किंवा बोरू आणि त्यावर मातीचा थर. गोमंतकातल्या घराचे राजांगण आणि इंदूर-बडोद्याच्या वाड्याचा चौक ज्या विचाराने झाला, त्याच विचाराचे हे घर आहे: बाहेर लोकांसाठी भिंत, आत कुटुंबासाठी आकाश. जून महिन्यात तेथे पारा अनेक दिवस ३८ अंशांच्या वर असतो. जाड माती दिवसाचे ऊन सावकाश शोषून घेते व रात्रीच्या गारव्यात ते सोडून देते. म्हणून भर दुपारीही आतली खोली पुष्कळ सुसह्य राहते. १८८० साली आगगाडी आली, तिच्याबरोबर भाजलेली वीट, कापीव लाकूड आणि उतरती छपरे आली. तेव्हापासून मातीचे घर हे गरिबीचे चिन्ह ठरले. शतकभराने तेच घर श्रीमंतीचे चिन्ह ठरावयाचे होते. पण मधल्या काळात काय घडले ते आधी सांगितले पाहिजे.

१९४९ च्या गृहनिर्माण कायद्याने ‘नगरनवीकरणा’साठी केंद्र सरकारचा पैसा उपलब्ध झाला. १९५४ साली बर्मन विरुद्ध पार्कर या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सबंध विभागाची योजना सार्वजनिक हिताची असेल तर त्यातली धडधाकट मालमत्ताही घेता येते, आणि नगर सुंदर असावे हाही सार्वजनिक हेतूच होय. निर्णय एकमताचा होता. त्याचा परिणाम मात्र असा की, कोणाचे घर कुरूप हे ठरविण्याचा अधिकार त्या घरात न राहणाऱ्यांकडे गेला. टूसॉनच्या मतदारांनी १ मार्च १९६६ रोजी नवीकरणाची योजना मंजूर केली आणि पुढल्या काही वर्षांत सुमारे ऐंशी एकर वस्ती भुईसपाट झाली. शेकडो घरे आणि दुकाने गेली, सणासमारंभांचा चौकही गेला. त्या जागी १९७१ मध्ये भव्य सभागृह व वाहनतळ उभे राहिले. या सर्व प्रकरणाचा साधार इतिहास लिडिया ओतेरो यांनी ‘ला काये’ या २०१० सालच्या ग्रंथात मांडला आहे.

नियतीचा विनोद असा की, जुन्या वास्तूंच्या रक्षणाचा राष्ट्रीय कायदा अमेरिकन काँग्रेसने त्याच १९६६ साली, ऑक्टोबर महिन्यात, संमत केला. म्हणजे एका हाताने कायदा वारसा राखीत होता आणि दुसऱ्या हाताने वारसदारांना उठवीत होता. हे दोन हात एकाच देहाचे आहेत, ही गोष्ट आमच्या वारसाप्रेमी मित्रांनी विसरू नये.

त्या ऐंशी एकरांतले एक घर विशेष प्रयत्नाने वाचले. आल्वा तोरेस या बाईंच्या पुढाकाराने ‘ला प्लासिता समिती’ उभी राहिली. चौक वाचला नाही, पण सोसा-कारिय्यो कुटुंबांचे घर वाचले. आता गंमत पाहा. या घरात लिओपोल्दो कारिय्यो यांचे कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहिले. परंतु ते ओळखले गेले ‘फ्रेमाँट हाउस’ या नावाने, कारण जॉन फ्रेमाँट नामक गव्हर्नराशी त्याचा भाडेकरूपणाचा अल्पसा संबंध आला होता. घर वाचवावयाचे तर त्यात कोणी थोर गोरा गृहस्थ राहून गेला, असे दाखवावे लागते; तेथे संसार केलेल्या कुटुंबाचे नाव पुरत नाही. कारिय्यो यांचे नाव त्या घराला पूर्णपणे परत मिळण्यास आणि ते मेक्सिकन-अमेरिकन समाजाच्या इतिहासाचे संग्रहालय होण्यास कित्येक दशके जावी लागली. यादीत नाव घालणे म्हणजे न्याय करणे, असे मानणाऱ्यांनी ही घटना ध्यानात ठेवावी.

परंतु या कहाणीत एक प्रसंग असा आहे की, त्याने देवस्थानाशी बांधलेल्या आमच्या वाचकांचे मन हेलावल्यावाचून राहणार नाही. मेन रस्त्यावर एक अर्धवट पडकी मातीची भिंत आहे. तिच्यासमोर रात्री मेणबत्त्या जळतात. हे स्थान ‘एल तिरादितो’ या नावाने प्रसिद्ध आहे. लोककथा अशी की, १८७० च्या सुमारास हुआन ओलिव्हेरास नावाचा एक तरुण निषिद्ध प्रेमापायी मारला गेला. पापी म्हणून त्याला पवित्र भूमीत जागा मिळाली नाही, म्हणून पडला तेथेच पुरला. लोक त्याच्यासाठी दिवा लावू लागले. पुढे आपल्या मागण्याही त्याच्यापुढे मांडू लागले. मेणबत्ती रात्रभर तेवली तर इच्छा पुरी होते, अशी श्रद्धा आहे. धर्मपीठाने नाकारलेल्याला लोकांनी स्वीकारले आणि स्थान जागृत झाले. आपल्या गावच्या वेशीवरच्या देवचाराशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही. नवीकरणानंतर उरलेल्या वस्तीवरून एक महामार्ग नेण्याचा घाट घातला गेला. तेव्हा रहिवाशांनी या स्थानाची नोंद राष्ट्रीय यादीत करवून घेतली. ती १९७१ च्या नोव्हेंबरात झाली. यादीतल्या स्थानाला केंद्राच्या पैशाच्या रस्त्याने बाधा आणणे कायद्याने अवघड असते. महामार्ग मागे हटला. न्यायाधीश, नगरपाल, तज्ज्ञ यांना जे साधले नाही, ते एका पाप्याच्या समाधीने साधले.

या प्रसंगाचा अर्थ काय? वारसाप्रेमी म्हणतील: पाहा, यादीचा प्रभाव! आमचे उत्तर असे की, यादी हे हत्यार होते, हात रहिवाशांचा होता. दिवा लावणारे लोक त्या रस्त्यावर राहत होते म्हणूनच भिंतीला अर्थ होता, आणि अर्थ होता म्हणूनच नोंद झाली. दिवा लावणारे निघून गेले तर नोंद शिल्लक राहील, पण ती पुराणवस्तूची नोंद असेल.

आणि नेमके तेच होऊ घातले. १९७० नंतर बाहेरचे खरेदीदार आले. त्यांनी पडकी घरे घेतली, श्रमाने व रसिकतेने नीट केली. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. १९७८ मध्ये ‘बार्रियो लिब्रे’ या नावाने हा विभाग राष्ट्रीय यादीत आला. निळ्या, गुलाबी, हळदी रंगांच्या भिंतींची छायाचित्रे सर्वत्र झळकू लागली. किंमती चढल्या, किंमतींबरोबर कराचा आकार चढला, भाडे चढले. आणि ज्यांच्या आज्या-पणज्यांनी त्या विटा पाडल्या होत्या, अशी अनेक कुटुंबे तेथून बाहेर पडली. १९६७ साली माणसांना उठविण्यास यंत्रे लागली होती, पुढे ती लागली नाहीत. दर वर्षी येणारे एक पत्रक पुरले.

येथे एक वकील म्हणून कायद्याची चौकट वाचकांपुढे ठेवणे माझे कर्तव्य आहे, कारण खरा प्रश्न तिच्यात आहे. संरक्षित विभागात घराचे बाह्यांग बदलावयाचे तर नगराच्या समितीची तपासणी होते. दरवाजाची ठेवण, भिंतीची उंची या गोष्टी सार्वजनिक हिताच्या मानल्या जातात. यादीतल्या घरात मालक स्वतः राहत असेल तर अ‍ॅरिझोना राज्य पंधरा वर्षांच्या कराराने मालमत्ता-कर निम्म्यापर्यंत कमी करते. २००६ साली लोकमताने झालेल्या २०७ क्रमांकाच्या ठरावान्वये, जमीन-वापराच्या नव्या नियमाने मालमत्तेची किंमत घटल्यास मालक भरपाई मागू शकतो. २०१६ च्या कायद्याने घरे अल्पमुदतीच्या पाहुण्यांना भाड्याने देण्यास नगरांना सरसकट बंदी घालता येत नाही. आणि भाडे? राज्याच्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे की, खाजगी निवासी घरांच्या भाड्याचे नियंत्रण करण्याचा अधिकार नगरांना नाही. महिना-महिना बोलीवर राहणाऱ्या भाडेकरूस तीस दिवसांची सूचना दिली की त्याचा संबंध संपला.

आता या पाच तरतुदी एका ओळीत मांडून पाहा. भिंतीला संरक्षण आहे, मालकाच्या किंमतीला आहे, मालकाच्या कराला सवलत आहे, चार रात्रींच्या पाहुण्यालाही मोकळीक आहे. नाही ते फक्त चाळीस वर्षे राहिलेल्या भाडेकरूला. कोणत्या रंगाचे दार असावे यात जो कायदा लक्ष घालतो, त्या दारातून कोण आत-बाहेर करतो हे पाहण्याची त्याला मनाई आहे. याला जर वारसा-रक्षण म्हणावयाचे, तर पिंजरा रंगवून पाखरू उडवून लावण्यालाही पक्षिप्रेम म्हणावे लागेल.

पूर्वपक्षाचे तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की, घर विकणाऱ्या जुन्या कुटुंबास चांगली किंमत मिळाली. मग अन्याय कोठे झाला? याचे उत्तर असे: ज्याने राजीखुशीने विकले, त्याच्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु भाडेकरूला किंमत मिळत नाही, फक्त सूचना मिळते. आणि जो मालक आपले घर विकू इच्छितच नाही, त्याला शेजारच्या घराच्या विक्रीमुळे चढलेला कर भरावा लागतो. तो ज्या संपत्तीवर कर भरतो ती त्याच्या हातात कधीच आलेली नसते. स्वतः राहणाऱ्या मालकाला सवलत आहे हे खरे. पण ती करारनाम्याने, नियमांच्या पालनाच्या बोलीवर मिळते, आणि अर्जांची भाषा ज्याला अवगत त्याच्याच ती पदरात पडते. सोय काय करता येते, याचाही एक नमुना त्याच राज्यात आहे: २००० साली लोकमताने घटनेत अशी तरतूद झाली की, पासष्ट वर्षांवरील मर्यादित उत्पन्नाच्या घरमालकाच्या राहत्या घराचे कर-मूल्य काही काळापुरते गोठविता येते. म्हणजे कायद्याला राहणारा माणूस दिसू शकतो. त्याने पाहावयाचे ठरविले पाहिजे, इतकेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नवे खरेदीदार आले नसते तर मातीची ती घरे पावसात विरघळून गेली असती, असे म्हणतात. त्या वाळवंटात वर्षाकाठी बारा इंचांच्या आतबाहेर पाऊस पडतो, पण जुलै ते सप्टेंबरच्या वादळी सरी कच्च्या विटेला पुरेशा असतात. दरसाल गिलावा नि छताची माती नीट न केल्यास घर बसते, यात शंका नाही. परंतु गिलावा करण्यास पैसा कां उरला नाही? ज्या वस्तीच्या डोक्यावर पाडापाडीची नि महामार्गाची टांगती तलवार वर्षानुवर्षे ठेवली, तीत कोण दुरुस्तीला हात घालील? आधी दुरुस्तीची उमेद मारावयाची, मग दुरुस्ती केली नाही म्हणून घरावरचा हक्क गेला असे म्हणावयाचे, हा युक्तिवाद कोणत्याही न्यायालयात टिकणार नाही. शिवाय जे मातीत राहतात त्यांना मातीचे ज्ञान असते. कच्च्या विटेवर सिमेंटचा गिलावा दिला की भिंत बाहेरून भक्कम दिसते. पण ओल आत कोंडते, पायथ्याशी वीट भुसभुशीत होते, आणि एके दिवशी गिलावा तसाच उभा राहून आतली भिंत खचते. चुन्याचा वा मातीचा गिलावा श्वास घेतो. पण त्याला दरसाल कोणाचा तरी हात लागावा लागतो. माणसे काढून टाकून केलेले जतन हे या सिमेंटच्या गिलाव्यासारखे आहे.

तिसरा आक्षेप आमच्या व्यवसायबंधूंचा: भाडेकरूला कायम राहण्याचा हक्क देणे म्हणजे मालकीहक्काचा लोप. यावर गोमंतकीय वाचकांस फार दूर जावयास नको. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने, दुसऱ्याच्या भाटात झोपडे बांधून राहणाऱ्या मुंडकारास त्या घरातून हुसकण्यापासून संरक्षण दिले आणि घराची जागा विकत घेण्याचा हक्क दिला. त्या कायद्याच्या अंमलबजावणीबद्दल भाटकाराची नि मुंडकाराची, दोघांचीही गाऱ्हाणी आहेत. ती खोटी आहेत असे मी म्हणत नाही. परंतु मालकीहक्क लोप पावला नाही, आकाशही कोसळले नाही. जमीन एकाची असली तरी तीवर संसार करणाऱ्याचा काही एक अधिकार निर्माण होतो, हे तत्त्व आपल्या विधिमंडळाने मान्य केले. श्रीमंत अमेरिकेतील एका राज्याला जे अशक्य वाटते, ते या चिमुकल्या प्रदेशाने करून दाखविले आहे. मग आपण अनुकरण कोणी कोणाचे करावे?

देवस्थानाशी नाते असलेल्या वाचकांना येथे आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा यांना आपापली मूळ स्थाने सोडून फोंड्याकडच्या भूमीत यावे लागले. मूळची देवळे मोडली, तरी दैवते टिकली. कां टिकली? ज्यांच्या खांद्यावर ती आली, ती माणसे टिकली म्हणून. भक्त असले तर देवाला नवे देऊळ मिळते. नुसते देऊळ असले तर त्यातून भक्त उगवत नाहीत. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने प्रमथनाथ मल्लिक यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, मूर्ती ही केवळ जंगम वस्तू नव्हे. तिला कायद्याचे व्यक्तित्व आहे, आणि तिला कोठे ठेवावे याबाबत तिच्या इच्छेचा विचार, निःस्वार्थी प्रतिनिधी नेमून, केला पाहिजे. जी मूर्ती बोलत नाही तिच्या वतीने बोलणारा कायद्याने शोधून दिला. मग ज्या माणसाला बोलता येते, त्याला त्याची वस्ती वारसा म्हणून जाहीर करताना कोणी विचारावयाचे नाही, हा कोठला न्याय?

टूसॉनच्या त्याच वस्तीतील कारिय्यो शाळेची मुले १९३७ पासून नाताळापूर्वी ‘लास पोसादास’ची मिरवणूक काढीत आली आहेत. मेरी आणि जोसेफ यांनी रात्रीच्या निवाऱ्यासाठी दारोदार विनवणी केली, त्याचा तो खेळ. दार ठोठवावयाचे, नकार ऐकावयाचा, पुन्हा पुढच्या दारी जावयाचे. रस्त्यावरच्या दारांमागे शेजारी न राहता चार रात्रींचे पाहुणेच राहू लागले, तर हा खेळ कोणापुढे करावयाचा, याचे उत्तर वारशाच्या कोणत्याही नियमावलीत नाही.

आता प्रश्न आपल्या दाराशी येतो. फोंतेन्याशच्या गल्ल्यांतून छायाचित्रांसाठी लोटणारी गर्दी, ग्वाल्हेर-इंदूरच्या वाड्यांच्या जागी येणारी उपाहारगृहे, आणि देवळांच्या परिसरास ‘सुशोभित’ करण्याच्या योजना, हे सर्व आपण पाहत आहोत. देवळाभोवतीच्या घरांतून पुजारी, वाजंत्री, फुलकार, सेवेकरी यांची कुटुंबे राहतात. देवळाच्या पालखीला खांदा तेच देतात. उद्या या परिसराला वारसा म्हणून घोषित करण्याचा प्रस्ताव आला, तर महाजनांनी प्रथम आनंदाचा ठराव करू नये. प्रथम तीन प्रश्न विचारावे. एक: येथे आज राहणाऱ्या, मालक नसलेल्या, कुटुंबांचे दहा वर्षांनी काय होईल, हे योजनेत लिहिले आहे काय? दोन: घराचे मूल्य वाढल्याने चढणारा कर आणि भाडे यांपासून राहत्या माणसाला काय संरक्षण आहे? तीन: नियम करणाऱ्या समितीत तेथे राहणाऱ्यांना, केवळ निमंत्रित म्हणून नव्हे तर मताच्या अधिकाराने, जागा आहे काय? तिन्हींचे उत्तर लेखी मिळेपर्यंत संमती देऊ नये.

जुन्या भिंती राखू नयेत असे आमचे म्हणणे नाही. त्या राखाव्या, चुन्याने राखाव्या, जाणत्या हातांनी राखाव्या. पण वस्ती या शब्दातच वसणे आहे, आणि वसणारा काढून घेतल्यावर जे उरते त्याला आपल्या भाषेत निराळे नाव आहे. त्याला अवशेष म्हणतात.